झाडाला वळण, तेलाला गुण

किराणा दुकानातली ऑलिव्ह तेलाची बाटली हातात घेतली, की तिच्यावर बरेच काही वाचायला मिळते. देशाचे नाव असते, 'एक्स्ट्रा व्हर्जिन' हे शब्द असतात, कधी हृदयाचे चित्र असते आणि किंमत तर असतेच. एक गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नसते : हे तेल ज्या बागेतून आले, तिथे हेक्टरी किती झाडे होती आणि त्यांना वळण कसे दिले होते. हा प्रश्न शेतकऱ्याचा, डॉक्टरचा त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भूमध्य समुद्राकाठची ऑलिव्हची बाग पार बदलून गेली आहे. तेलातले आरोग्याला उपयुक्त घटक, बाटलीची किंमत, तोडणी करणाऱ्या मजुराची पाठ, त्या भागातले पाणी आणि तिथले पक्षी, या साऱ्यांचे भवितव्य बऱ्याच अंशी दोन झाडांमधले अंतर ठरवताना ठरते.

तेलाबद्दल काय माहीत आहे?

आधी तेलाचे बोलू, कारण आमच्या बाह्यरुग्ण विभागात प्रश्न त्याचाच असतो. ऑलिव्ह तेलाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा स्पेनमधल्या 'प्रेडिमेड' या चाचणीने दिला. ५५ ते ८० वर्षे वयाच्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ७,४४७ लोकांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला भूमध्य प्रदेशातल्या आहाराबरोबर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला त्याच आहाराबरोबर बदाम-अक्रोडांसारखा सुका मेवा देण्यात आला. तिसऱ्याला आहारातली चरबी कमी करण्याचा सल्ला मिळाला. सुमारे पाच वर्षांनंतर पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि या विकारांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध, काही केंद्रांवर गटवाटणीत त्रुटी झाल्याचे लक्षात आल्यावर, २०१८ मध्ये मागे घेण्यात आला आणि नव्याने विश्लेषण करून पुन्हा छापला गेला. निष्कर्ष मोठ्या प्रमाणात तोच राहिला.

यातला 'एक्स्ट्रा व्हर्जिन' हा शब्द महत्त्वाचा आहे. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असते. पण ते आपल्या शेंगदाणा तेलातही बऱ्यापैकी असते. ऑलिव्हचे वेगळेपण आहे ते त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या घटकांत. हायड्रॉक्सिटायरोसोल आणि त्याचे भाऊबंद रक्तातल्या चरबीचे ऑक्सिडीकरण रोखायला मदत करतात. ओलिओकॅन्थल या घटकाचे काम आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाशी मिळतेजुळते असल्याचे २००५ मध्ये दाखवले गेले. ताजे, चांगले तेल चमचाभर तोंडात घेतले की घशात जी मिरमिर होते, ती याच घटकाची. युरोपीय संघाने २०१२ मध्ये नियमच केला : २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसोल आणि त्याच्या सहघटकांचे प्रमाण किमान ५ मिलिग्रॅम असेल, तरच बाटलीवर पॉलिफेनॉलच्या लाभाचा दावा करता येतो.

म्हणजे सगळी ऑलिव्ह तेले सारखी नसतात. झाडाची जात, मिळालेले ऊन, दिलेले पाणी, फळाची पक्वता आणि तोडणीपासून घाण्यापर्यंत गेलेला वेळ यांवर त्यातले पॉलिफेनॉल ठरतात. आणि या पाचही गोष्टींचा धागा बागेच्या आखणीशी जाऊन मिळतो.

शंभर झाडांपासून दोन हजारांपर्यंत

स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया प्रांतात हाएन नावाचा जिल्हा आहे. तिथे सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडे आहेत. डोंगरउतारांवर नजर पोहोचेल तिथवर ठिपक्यांची रांगोळी घालावी तशी ती दिसतात. पारंपरिक बागेत दोन झाडांत १० ते १२ मीटर अंतर असते, म्हणजे हेक्टरी ७० ते १०० झाडे. आपल्या हिशेबात एकरी चाळीसच्या आतबाहेर. आपल्या कोकणातल्या जुन्या हापूसच्या बागाही साधारण याच अंतराने लावलेल्या. ही झाडे पावसावर जगतात, पूर्ण उत्पन्नाला यायला दहा-पंधरा वर्षे घेतात आणि मग पिढ्यान्‌पिढ्या फळतात.

दुसरा प्रकार सघन बागेचा. ७ बाय ५ मीटर किंवा त्याच्या आसपास अंतर ठेवले, की हेक्टरी २८० ते ३०० झाडे बसतात. झाड एका खोडावर वाढवतात. यंत्राचा हात खोडाला धरून काही सेकंद गदागदा हलवतो आणि खाली उलट्या छत्रीसारखे पसरलेले कापड फळे झेलते.

तिसरा प्रकार अतिसघन बागेचा, आणि खरी क्रांती झाली ती इथे. १९९० च्या दशकात स्पेनच्या कॅटलोनिया भागात हा प्रयोग सुरू झाला. ओळींत सुमारे ४ मीटर आणि ओळीतल्या दोन झाडांत दीड मीटर किंवा त्याहूनही कमी अंतर. हेक्टरी १,६०० ते २,००० झाडे, म्हणजे एकरी साडेसहाशे ते आठशे. इथे स्वतंत्र झाड दिसतच नाही. दिसते ती अडीच-तीन मीटर उंचीची हिरवी भिंत. तिच्यावरून, दोन्ही बाजूंना चाके टाकून, दरवाजाच्या चौकटीसारखे एक उंच यंत्र चालत जाते. वाइनसाठी लावलेल्या द्राक्षांची तोडणी करणारे यंत्र सुधारून ते बनवले आहे. आपल्याकडे नाशिक-सांगलीत खाण्याची द्राक्षे हातानेच खुडतात, म्हणून हे यंत्र आपल्या फारसे पाहण्यात नाही. एक हेक्टरची तोडणी ते दोन-तीन तासांत उरकते. बाग तिसऱ्या वर्षापासून फळ देऊ लागते.

स्पेननंतर ही पद्धत पोर्तुगाल, मोरोक्को, ट्युनिशिया, चिली, ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियात पोहोचली. पोर्तुगालच्या आलेंतेजु भागात ग्वादियाना नदीवर अल्केव्हा धरण बांधले गेले. त्याचे दरवाजे २००२ मध्ये बंद झाले, पाणी शेतात आले आणि गव्हाच्या माळरानांवर मैलोन्‌मैल ऑलिव्हच्या भिंती उभ्या राहिल्या.

पान, प्रकाश आणि मागच्या वर्षीची फांदी

इतकी झाडे दाटीवाटीने लावली तर ती एकमेकांना मारणार नाहीत का? या प्रश्नाचे उत्तर ऑलिव्हच्या स्वभावात आहे.

ऑलिव्हला फूल येते ते मागच्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या फांदीवर. यंदा जी फांदी वाढेल, ती पुढच्या वर्षी फळेल. म्हणून झाडावर दरवर्षी नवी फूट हवी, आणि त्या फुटीला ऊन मिळायला हवे. सावलीतल्या फांदीवर कळ्या धरत नाहीत. तिची पानेही हळूहळू गळून जातात. जुन्या, न छाटलेल्या झाडाच्या आत डोकावले तर मधला भाग उघडाबोडका आणि फळे फक्त बाहेरच्या पातळ कवचावर, असे चित्र दिसते. लाकूड खूप, फळ थोडे. ज्या वर्षी फळांचा भार जास्त, त्या वर्षी नवी फूट कमी. शिवाय वाढत्या फळांतल्या बियांमधून येणारे संप्रेरक पुढच्या वर्षीच्या कळ्यांना अटकाव करते. त्यामुळे एक वर्ष भरघोस आणि पुढचे वर्ष रिकामे, हा हापूसच्या बागायतदारांना पाठ असलेला फेरा ऑलिव्हलाही चुकलेला नाही.

म्हणून बाग आखताना मोजायचे असते ते ऊन. झाडांची संख्या त्यानंतर येते. दोन भिंतींमधली मोकळी जागा भिंतीच्या उंचीच्या मानाने फार अरुंद झाली, तर भिंतीचा खालचा भाग अंधारात जातो. भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण बरोबरीने असावी, त्यापेक्षा फार जास्त नको, हा ढोबळ नियम. ओळी शक्यतो दक्षिणोत्तर ठेवतात, म्हणजे सकाळचे ऊन एका बाजूला आणि दुपारचे दुसऱ्या बाजूला मिळते. भिंत मीटर-दीड मीटरपेक्षा जाड होऊ देत नाहीत, कारण तिच्या पोटात ऊन पोहोचत नाही. भिंतीच्या वरच्या, उन्हातल्या भागातली फळे खालच्या फळांपेक्षा मोठी असतात, त्यांत तेल जास्त असते आणि पॉलिफेनॉलही अधिक असतात. ऊन फक्त उत्पन्न वाढवत नाही, औषधी गुणही वाढवते, तो असा.

वळण लावायचे म्हणजे काय?

आपल्या बागायतीच्या भाषेत झाडाला 'वळण' देतात आणि मग 'छाटणी' करतात. मुलांच्या बाबतीत वापरतो तोच शब्द, आणि अर्थही जवळजवळ तोच : पहिली दोन-तीन वर्षे दिशा द्यायची, नंतर फक्त लक्ष ठेवायचे.

जुन्या आणि सघन बागेतले वळण पसरट पेल्याच्या आकाराचे असते. एका खोडावर तीन-चार मुख्य फांद्या बाहेरच्या बाजूला झुकलेल्या आणि मध्यभाग मोकळा, म्हणजे पोटातही ऊन पोहोचते. अतिसघन बागेत रीत उलटी. रोपाला काठीचा आधार देऊन एकच सरळ मुख्य खोड वाढवतात. जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या काढतात, कारण यंत्राचे फळे झेलणारे पंख तिथे मिटायचे असतात. त्यावरच्या फांद्यांना पहिली दोन वर्षे शक्यतो हात लावत नाहीत. रोपाची प्रत्येक अनावश्यक काटछाट म्हणजे पहिल्या फळाला उशीर. भिंत भरली, की मग शेंडे एका उंचीवर कापणे, एका वर्षी एक बाजू आणि दुसऱ्या वर्षी दुसरी बाजू यंत्राने तासणे, आणि आत घुसलेल्या जाड फांद्या व पाणसोट हाताने काढणे असा क्रम चालतो. फक्त यंत्रावर विसंबून राहिले तर भिंतीच्या तोंडाशी झुडपासारखी दाट फूट येते आणि आत अंधार होतो. खरड छाटणी आणि गोडी छाटणीचे महत्त्व जाणणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगायला नको.

यासाठी प्रत्येक जात चालत नाही. बुटकी, आखूड फांद्यांची, लवकर फळणारी जात लागते. कॅटलोनियाच्या आर्बेकिना आणि आर्बोसाना व ग्रीसची कोरोनेइकी या तिघींवर अतिसघन लागवड प्रामुख्याने उभी राहिली. कॉर्दोबा इथल्या संशोधकांनी पिकुआल आणि आर्बेकिना यांच्या संकरातून 'सिकितिता' नावाची आणखी बुटकी जात तयार केली.

इथे बाटलीशी संबंध पुन्हा येतो. कोरोनेइकी आणि पिकुआलचे तेल पॉलिफेनॉलने समृद्ध आणि टिकाऊ असते. आर्बेकिनाचे तेल सौम्य, फळाच्या वासाचे आणि नवख्याला आवडणारे असते. पण त्यात पॉलिफेनॉल कमी असतात आणि ते लवकर खवट होते. फार उष्ण प्रदेशात तर या जातीच्या तेलातले ओलेइक आम्लाचे प्रमाणही घसरते. जिभेला सुखावणारे आणि यंत्राला सोयीचे तेल आरोग्याच्या मापावर पहिले येईलच असे नाही.

यंत्राने काय साधले?

असे असले तरी यंत्राच्या बाजूचे दोन मुद्दे डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला मजुराचा. ऑलिव्हची जुनी तोडणी म्हणजे झाडाखाली जाळी अंथरायची, लांब काठ्यांनी फांद्या झोडपायच्या, शिडीवर किंवा झाडावर चढायचे. डोक्यावर हात उंचावून दिवसभर काठी चालवल्यावर खांदे आणि पाठ भरून येतात, आणि शिडीवरून पडणे ही तिथली जुनीच दुखापत. आपल्याकडे आंब्याच्या आणि नारळाच्या झाडावरून पडलेला माणूस सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा बहुतेकदा तो घरातला कमावता असतो, आणि मणका मोडला असेल तर त्या घराचे पुढचे आयुष्यच बदलते. अडीच मीटरच्या भिंतीसाठी कोणाला झाडावर चढावे लागत नाही. झाड बुटके ठेवणे हा अपघात टाळण्याचाही एक उपाय आहे. अर्थात त्या यंत्राने अनेकांच्या हंगामी मजुरीवर गदा आणली, ही त्याची दुसरी बाजू.

दुसरा मुद्दा वेळेचा. ऑलिव्हचे फळ झाडावरून उतरले, की त्याचे आतून विघटन सुरू होते. ढिगात पडून राहिले, दबले, तापले, की तेलाची आम्लता वाढते. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायला ही आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत लागते, आणि चव-वासात दोष चालत नाही. जमिनीवर गळून पडलेली फळे गोळा करून केलेले तेल या परीक्षेत नापास होते आणि शुद्धीकरण कारखान्यात जाते. तिथे पॉलिफेनॉलही बहुतांशी निघून जातात. यंत्राने योग्य पक्वतेला झटपट तोडणी करून काही तासांत फळे घाण्यावर पोहोचवता येतात. चांगल्या दर्जाचे तेल मोठ्या प्रमाणावर मिळू लागले, यात अतिसघन बागांचा वाटा नाकारता येणार नाही.

पाणी झाड पीत नाही, पाने पितात

आता या पद्धतीच्या उधारीकडे वळू.

पारंपरिक बागेतले १० मीटरचे अंतर कोणा आळशी माणसाने ठेवलेले नव्हते. जिथे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे १०० चौरस मीटर जागेवर ५० हजार लिटर पाणी पडते. झाडाची मुळे ती सगळी जागा धुंडाळतात आणि उन्हाळा काढतात. अतिसघन बागेत एका झाडाच्या वाट्याला ६ चौरस मीटर जागा आणि ३ हजार लिटर पाऊस येतो. झाडे लहान असतात हे खरे. पण हेक्टरी पानांचे एकूण क्षेत्र मोकळ्या बागेपेक्षा बरेच जास्त असते, आणि पाणी हवेत सोडतात ती पानेच. म्हणून अतिसघन बाग सहसा ठिबकवर जगते. धरण भरलेले असेल तोवर ठीक. विहिरी-बोअरवर ती लावली, तर भूजल खाली जाते.

दुष्काळ काय करतो ते स्पेनने अलीकडेच पाहिले. २०२१-२२ मध्ये तिथे सुमारे १५ लाख टन ऑलिव्ह तेल झाले होते. पुढच्या हंगामात पावसाने दगा दिला, मोहोराच्या वेळी उष्णता वाढली आणि उत्पादन साडेसहा लाख टनांच्या आसपास आले. जगातले सर्वांत जास्त ऑलिव्ह तेल हा देश पिकवत असल्याने जगभर किमती भडकल्या. आपल्या दुकानातल्या बाटलीलाही ती झळ लागली.

पाण्याच्या बाबतीत एक आशेची बाजू आहे. उन्हाळ्याच्या मध्यावर फळातली कोय टणक होते. त्या काळात पाणी बरेच कमी केले तरी ऑलिव्हच्या उत्पन्नात फारशी घट होत नाही. आपल्या विदर्भातले संत्रा बागायतदार बहार धरण्यासाठी झाडांना 'ताण' देतात. तिथे हेतू फुले आणण्याचा असतो आणि इथे पाणी वाचवण्याचा. पण झाडाला कधी तहानलेले ठेवावे याची ही जाण एकाच जातीची. ऑलिव्हमध्ये याचा आणखी एक फायदा आहे. भरपूर पाणी मिळालेल्या झाडाच्या तेलात पॉलिफेनॉल कमी असतात. बेताचा ताण सोसलेल्या झाडाच्या तेलात ते अधिक असतात. पॉलिफेनॉल हे झाडाचे स्वसंरक्षणाचे रसायन आहे. लाडावलेल्या झाडाला त्याची गरज कमी पडते. पाणी वाचवणारी बाग आणि आरोग्याला चांगले तेल देणारी बाग, या दोन्ही गोष्टी इथे एकाच वाटेने जातात.

भिंतीत झोपलेले पक्षी

दुसरी उधारी जैवविविधतेची. ऑलिव्हची तोडणी हिवाळ्याच्या तोंडाशी होते, आणि त्याच सुमारास उत्तर युरोपातले लाखो लहान गाणारे पक्षी भूमध्य प्रदेशात मुक्कामाला येतात. दाट हिरवी भिंत त्यांना झोपायला सोयीची वाटते. रात्री हवा थंड असल्याने फळांचा सुगंध टिकतो, म्हणून काही ठिकाणी यंत्रे रात्री चालवली जात. प्रखर दिव्यांनी दिपलेले पक्षी उडू शकत नसत आणि फळांबरोबर यंत्रात ओढले जात. २०१९ मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून रात्रीची तोडणी थांबवण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी अंदालुसियाच्या सरकारने अतिसघन बागांतली रात्रीची तोडणी थांबवली. तोडणी दिवसा करणे हा यावरचा साधा उपाय.

तिसरी उधारी रोगांची. दाट, कोंदट पर्णसंभारात मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखे ठिपके पाडणारा बुरशीजन्य रोग फोफावतो. मग फवारण्या वाढतात. जातींची संख्या दोन-तीनवर आली, की एखादा नवा रोग सगळ्यांना एकदम गाठण्याची भीती. जातींची एकसुरी लागवड किती महाग पडते, हे दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांताने दाखवले. २०१३ मध्ये तिथे झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला. एक फेस करणारा किडा तो झाडाझाडांत पसरवतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबतात. त्या बागा जुन्या पद्धतीच्या, मोकळ्या अंतराच्या होत्या, काही झाडे शतकांची होती. पण प्रामुख्याने दोनच स्थानिक जाती होत्या आणि दोन्ही या रोगाला बळी पडणाऱ्या. लाखो झाडे वाळून गेली. लेच्चिनोसारख्या सहनशील जाती टिकल्या आणि आता तिथल्या पुनर्लागवडीत त्यांचा आधार घेतला जातो. तेव्हा अंतर मोठे असले म्हणजे बाग आपोआप शाश्वत होते असे नाही, आणि अंतर लहान असले म्हणजे ती आपोआप विनाशकारीही ठरत नाही.

मग शाश्वत बाग कोणती?

आज जाणकारांचा कल एका आकड्यावर अडून बसण्याचा नाही. सपाट जमीन, खात्रीचे पण मोजून वापरलेले पाणी आणि दिवसा तोडणी असेल, तर अतिसघन भिंत चालू शकते. पाणी तुटपुंजे असेल तिथे ओळींमधले अंतर वाढवून, हेक्टरी झाडे कमी ठेवून भिंतीचीच पद्धत कोरडवाहू शेतीसाठी जुळवून घेतली जाते. मध्यम उताराला आणि मध्यम भांडवलाला हेक्टरी दोनशे ते चारशे झाडांची, पेल्यासारख्या वळणाची सघन बाग सोयीची. तीव्र उतारावर, जिथे यंत्र चढू शकत नाही, तिथल्या जुन्या बागा टिकवण्यातच शहाणपण आहे. त्यांची मुळे माती धरून ठेवतात, आणि त्यांच्या पोकळ खोडांत घुबडांपासून सरड्यांपर्यंत अनेकांचा संसार असतो.

सगळ्या प्रकारांना लागू पडणारी गोष्ट जमिनीची. अंदालुसियात वर्षानुवर्षे ऑलिव्हखालची जमीन नांगरून, तणनाशके मारून उघडी ठेवली गेली आणि उतारांवरची माती पावसाने वाहून गेली. आता ओळींच्या मधे गवताचे किंवा द्विदल पिकाचे आच्छादन ठेवतात, छाटलेल्या फांद्या जाळण्याऐवजी बारीक करून तिथेच पसरतात. माती थांबते, पाणी मुरते, कीटक आणि पक्षी परततात.

भारतातही ऑलिव्हचा एक प्रयोग झाला आहे. राजस्थान सरकारने इस्रायलच्या तंत्रसाह्याने २००८ पासून सरकारी शेतांवर ठिबक सिंचनाखाली ही झाडे लावली आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसर इथे तेल काढण्याचा कारखाना सुरू झाला. ऑलिव्हला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यात चांगली थंडी लागते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही, त्यामुळे आपल्याकडे याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी आहे ती त्यामागची शिस्त. आंब्याची, पेरूची, संत्र्याची घन लागवड आपल्याकडे वाढते आहे. दापोली, नागपूर आणि राहुरी इथल्या इंडो-इस्रायल केंद्रांतही फळबागांच्या अशा आधुनिक पद्धती दाखवल्या जातात. झाडे जवळ लावणे हा यातला सोपा भाग आहे. दरवर्षी छाटणी करण्याची तयारी आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचा खरा हिशेब नसेल, तर पाच वर्षांत बागेचे रान होते.

घरी काय करायचे?

ऑलिव्ह तेल घेण्याची ऐपत आणि आवड असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्यावे. 'पोमेस' म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यापासून द्रावक वापरून काढलेले तेल; त्याला पॉलिफेनॉलच्या लाभाचे कौतुक लागू होत नाही. 'लाइट' हा शब्द चवीबद्दल असतो. उष्मांक सगळ्या तेलांत सारखेच, एका मोठ्या चमच्याला सुमारे १२०. गडद काचेची बाटली आणि लेबलवर तोडणीचा हंगाम दिलेला असेल तर उत्तम. जातीचे नाव दिले असेल तर तेही वाचावे. घशाला थोडी मिरमिर लागणे हा दोष नाही, गुण आहे. बाटली गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी. कोशिंबिरीवर, उसळीवर वरून घातले तर त्याचे गुण जास्त पदरात पडतात.

ऐपत नसेल तर मुळीच खंत करू नये. प्रेडिमेडच्या लोकांच्या ताटात तेलाबरोबर भाज्या, कडधान्ये, फळे आणि मासेही होते. ते आपल्याकडे स्वस्तात मिळतात. शेंगदाणा, करडई आणि तीळ या आपल्या तेलांचा आलटून पालटून वापर चांगलाच आहे. कोणतेही तेल असो, माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅमवर जाऊ नये, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला साधारण तीन लिटर पुरे. बाटली महागडी आहे म्हणून तिच्यातले तेल सढळ हाताने ओतले, तर वजन आणि कोलेस्टेरॉल आपला हिशेब चुकता करतातच.

युरोपात आता काही उत्पादक लेबलवर जात, तोडणीचा महिना आणि पॉलिफेनॉलचे प्रमाण देऊ लागले आहेत. त्यात पाण्याचा स्रोत आणि तोडणी दिवसाची की रात्रीची, याचीही भर पडायला हवी. ग्राहकाने विचारल्याशिवाय ती पडणार नाही. बागेत किती झाडे दाटीने उभी आहेत यापेक्षा प्रत्येक पानाला किती ऊन मिळते, मुळांना किती पाणी परवडते आणि त्या सावलीत आणखी कोण जगते, हे प्रश्न कोणत्याही बागेला विचारता येतील. त्यांची उत्तरे चांगली असतील, तर तेलही बहुधा चांगलेच निघते.